शनिवारी अठरा, बुधवारी चार

ताई, माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या वर्गात दर सोमवारी वीस नवे इंग्रजी शब्द देतात, स्पेलिंग आणि मराठी अर्थासकट. शनिवारी त्यांची चाचणी असते. शुक्रवारी रात्री ती वही घेऊन येरझाऱ्या घालत घोकते आणि शनिवारी वीसपैकी अठरा-एकोणीस मार्क आणते. परवा बुधवारी मी सहज तेच शब्द पुन्हा विचारले, तर फक्त चार सांगता आले. वर्षभर हेच चाललंय. मी मराठी माध्यमात शिकले. माझे उच्चार ऐकून ती हसते, म्हणून मदत करायला मी कचरते. तिची स्मरणशक्ती कमी आहे का? शिकवणी लावू का?
– एक आई

पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात, पेन्सिलीने: 'एवढे शब्द मोठी माणसं तरी वापरतात का?'

*

तुमची काळजी आधी मिटवते. तुमच्या लेकीची स्मरणशक्ती चांगली खणखणीत आहे. एका रात्रीत वीस शब्द, त्यांची स्पेलिंगं आणि अर्थ डोक्यात कोंबायचे आणि सकाळी जसेच्या तसे कागदावर उतरवायचे, हे येरागबाळ्याचं काम नाही. तुम्हाला-मला आज जमेल की नाही, मला शंका आहे. तिने डोक्याला सांगितलं, 'शनिवारपर्यंत सांभाळ', आणि डोक्याने सांभाळलं. पुढचं कुणी सांगितलंच नव्हतं. शिकवणी लावलीत तर फार फार तर विसाचे तीस शब्द होतील आणि शुक्रवारच्या जोडीला गुरुवारची रात्रही जाईल. तेव्हा ती नको.

विसरण्याचं गणित जुनं आहे. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ते १८८५ मध्ये मांडलं, तेही स्वतःला प्रयोगाला बसवून. त्याने निरर्थक अक्षरांच्या लांबच लांब याद्या पाठ केल्या. मग ठरावीक वेळ जाऊ दिल्यावर तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो, हे मोजलं. त्याला दिसलं की घसरण सगळ्यात जोराची असते ती पहिल्या काही तासांत, पहिल्या दिवसात. त्यानंतर उरलेलं हळूहळू गळतं. आता तुम्ही म्हणाल, ती अक्षरं निरर्थक होती, हे तर शब्द आहेत. पण ज्या मुलीने 'रिलक्टन्ट' हा शब्द कधी ऐकला नाही, कुठे वाचला नाही, वापरायची वेळच आली नाही, तिला 'रिलक्टन्ट' काय आणि 'टिक्कबंट' काय, सारखंच. शेजारी मराठी अर्थ लिहिला म्हणून तो लगेच तिचा होत नाही.

खरी गोम मात्र ती घोकते कशी, यात आहे. वही उघडी, नजर ओळीवर, तोंडाने शब्द-स्पेलिंग-अर्थ, शब्द-स्पेलिंग-अर्थ. दहाव्या वेळेला ते इतकं सराईत होतं की तिला वाटतं, झालं, आलं. हे 'आलं' वाटणं फार फसवं असतं. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापला. कॉलेजातल्या मुलांना त्यांनी चाळीस स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थांसकट शिकायला दिले. काही गटांत एखादा शब्द एकदा बरोबर आला की तो पुढच्या फेऱ्यांत विचारायचाच नाही, असा नियम होता. त्यातल्या एका गटाला तो पुन्हा पुन्हा वाचायला मात्र मिळत होता. इतर गटांना आलेला शब्दही दर फेरीला पुन्हा विचारला जाई. आठवड्याने सगळ्यांची परीक्षा झाली. ज्यांना पुन्हा पुन्हा विचारलं होतं त्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांना विचारणं थांबवलं होतं ते ३५ टक्क्यांच्या आसपास घुटमळले, वाचायला मिळालेले सुद्धा. मला सगळ्यात बोलकी वाटते ती पुढची गोष्ट. 'आठवड्याने तुम्हाला किती आठवतील?' असं मुलांना आधी विचारलं होतं, आणि सगळ्या गटांचा अंदाज साधारण सारखाच होता, निम्मे. आपण चुकीच्या पद्धतीने अभ्यास केलाय हे त्या पद्धतीने अभ्यास करणाऱ्याला कळतच नाही.

तुमची लेक शुक्रवारभर विहिरीत डोकावते आणि पाणी आहे म्हणून खूश होते. पोहरा ओढून वर आणायची सवय हातांना लागतच नाही. शनिवारी एकदा ओढते, मग दोर गुंडाळून ठेवते.

इथे तुम्ही हव्यात. आणि तुमचे उच्चार इथे लागतच नाहीत, लागतं ते तुमचं मराठी. वही तुमच्या हातात घ्या. तिला समोर बसवा, कागद-पेन्सिल देऊन. तुम्ही फक्त मराठी अर्थ वाचा: 'मनातून तयार नसलेला.' तिने इंग्रजी शब्द लिहायचा. एवढंच. आता यातला खरोखर कठीण भाग सांगते, कारण मी कितीतरी पालकांना इथेच घसरताना पाहिलंय. मूल अडलं की आपण गप्प बसत नाही. 'अगं, र वरून! रि... रिल...' हे तोंडातून निघतंच. ते गिळा. मनात दहापर्यंत अंक मोजा. ती छताकडे बघेल, पेन्सिल चावेल, 'थांब, थांब, सांगू नकोस' म्हणेल. नेमक्या त्या दहा अंकांत तिचं डोकं पोहरा ओढत असतं. तुम्ही उत्तर दिलंत की दोर सुटला. दहानंतरही नाहीच आलं, तर वही तिच्यासमोर धरा, तिला बघू द्या आणि पुढे चला. कपाळाला आठ्या नकोत, 'कालच तर सांगितलं होतं' हे तर मुळीच नको. चार शब्द झाल्यावर तोच अडलेला शब्द पुन्हा विचारा, बिनबोभाट.

हे किती वेळ? रोज दहा मिनिटं, सोमवारपासूनच. शुक्रवारी रात्री तासभर येरझाऱ्या घालण्यापेक्षा पाच दिवस दहा-दहा मिनिटं कैक पटीने भारी पडतात. शुक्रवारी तिला वेळेवर झोपवा. दिवसा शिकलेलं पक्कं बसवायचं बरंचसं काम झोपेतच चालतं. जागून पाठ करणं म्हणजे गिलावा ओला असतानाच रंग मारणं.

आणि शनिवारनंतर? चाचणी झाली की ती वहीचं ते पान उलटते, आणि सगळं तिथेच संपतं. त्यावर सेबास्टियन लाइटनर या जर्मन विज्ञान-पत्रकाराने १९७२ मध्ये एक साधी युक्ती लोकप्रिय केली. त्याची खोकी असायची, तुम्ही तीन पाकिटं घ्या. छोट्या चिठ्ठ्या करा, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, दोन्ही लेकीच्याच अक्षरात. नवी चिठ्ठी पहिल्या पाकिटात. पहिलं पाकीट रोज उघडायचं, दुसरं तीन दिवसांनी, तिसरं आठवड्याने. शब्द बरोबर आला की चिठ्ठी पुढच्या पाकिटात, चुकला की कितीही पुढे गेलेली असो, परत पहिल्या पाकिटात. येणाऱ्या शब्दांवर वेळ जात नाही आणि न येणारे लपून बसत नाहीत. तिसऱ्या पाकिटातून लागोपाठ तीन-चार आठवडे जी चिठ्ठी बरोबर येते ती काढून बरणीत टाकायची. मुलांना बरणी भरताना बघायला आवडतं, मार्कांपेक्षा जास्त.

आता त्या विसाच्या यादीबद्दल. तुमच्या शाळेला नावं ठेवायचा मला अधिकार नाही, कारण मी शिकवत होते तेव्हा पंचवीस द्यायचे. डावीकडे शब्द, उजवीकडे एक मराठी अर्थ, आणि मी लाल पेनाने बरोबरच्या खुणा करत सुटायचे. एकदा हुक्की आली म्हणून चाचणीत अर्थाऐवजी वाक्यं लिहायला सांगितली. यादीत 'अबॅन्डन' होता, अर्थ मीच दिलेला: 'सोडणे'. एका गुणी मुलाने सुंदर अक्षरात लिहिलं: 'आय अबॅन्डन माय सिस्टर ॲट स्कूल एव्हरी मॉर्निंग.' म्हणजे मी रोज सकाळी बहिणीला शाळेत सोडतो! त्याच्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. स्पेलिंग अचूक. अर्थ मी सांगितला तोच. आणि वाक्याप्रमाणे तो रोज सकाळी बहिणीला वाऱ्यावर टाकून पळून जात होता. मी खूप हसले, मग वर्गात ते वाक्य वाचून दाखवायचं मनात आलं आणि लाज वाटली. चूक त्याची नव्हतीच. मराठीत आपण बाण सोडतो, सवय सोडतो, नोकरी सोडतो, पाहुण्याला दारापर्यंत सोडतो, मुद्दाही सोडून देतो. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि मी त्या पोराच्या हातात एकच किल्ली देऊन पन्नास कुलपं उघडायला पाठवलं होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं की शब्द आणि त्यासमोर एक मराठी शब्द, ही जोडी म्हणजे शब्दाची फक्त तोंडओळख. मराठी अर्थ देऊ नये, असं मी म्हणत नाही. काही जण तसं म्हणतात, मला ते पटत नाही. मुलीला पटकन उजेड पडायला मराठीसारखं दुसरं काही नाही. पण तो अर्थ नेमका हवा: 'अबॅन्डन: परत न येण्याच्या हिशेबाने टाकून जाणं.' आणि त्याच्यासोबत त्या शब्दाचा शेजार हवा. 'ॲन अबॅन्डन्ड हाउस', ओसाड टाकलेलं घर. बस, एवढ्या तीन शब्दांत तो मुलगा बहिणीसकट सुखरूप राहिला असता.

शेजार म्हणजे काय ते मराठीतच बघा. पाऊस मुसळधार असतो, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं. चारही ठिकाणी अर्थ 'खूप जोराचं' एवढाच. पण कुणी 'मुसळधार थंडी' म्हणालं तर आपण त्याच्याकडे वळून बघतो. हे आपल्याला कुणी यादी देऊन शिकवलं नाही. शब्द जोडीने कानावर पडले म्हणून ते जोडीनेच बसले. इंग्रजीतही पाऊस 'हेवी' असतो आणि वारा 'स्ट्राँग', उलटं केलं की कानाला खुपतं. होमवर्क 'डू' करतात पण मिस्टेक 'मेक' करतात. आपण परीक्षा देतो, इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. मराठीच्या हिशेबाने परीक्षा घेणाऱ्या त्या बाई! अशा ठिकाणी सुटा शब्द पाठ असून काही उपयोग नाही, जोडीच पाठ हवी. म्हणून चिठ्ठीवर सुटा 'मिस्टेक' लिहू नका, 'मेक अ मिस्टेक' लिहा.

आणि चिठ्ठीच्या खाली एक वाक्य, तिचं स्वतःचं, तिच्या दिवसातलं, खरं घडलेलं. 'द किंग वॉज रिलक्टन्ट' असलं पुस्तकी नको. सकाळी अंथरुणातून निघवत नव्हतं ना? 'आय वॉज रिलक्टन्ट टु गेट अप.' झालं. असं खरं वाक्य एकदा लिहिलं की त्या शब्दाला टेकायला जागा मिळते.

आता तुमच्या मनात येईल, वीस शब्दांची अशी सरबराई करायला वेळ कुठून आणायचा? नाहीच आणायचा. वीसच्या वीस शब्द सारख्या लायकीचे नसतात. चाचणीपुरते सगळे करू द्या, मार्कांची गंमत तिलाही हवी असते. पण चिठ्ठ्या फक्त सात-आठच. कुठले सात-आठ, यावर इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी केलेली विभागणी मला उपयोगी पडली. त्या शब्दांचे तीन थर मानतात. पहिल्या थरात रोजचे शब्द, टेबल, रन, हॅपी. ते आपोआप येतात. तिसऱ्या थरात एखाद्या विषयाचे शब्द, 'फोटोसिंथेसिस' सारखे. ते विज्ञानाच्या तासाला आकृतीसकट येतील, तेव्हाच शिकावेत. मधल्या थरात असे शब्द की जे विज्ञानात, इतिहासात, गोष्टीत, बातमीत, सगळीकडे भेटतात: कम्पेअर, मेंटेन, रिलक्टन्ट, एस्टिमेट, रिक्वायर. चिठ्ठ्या या मधल्या थराच्या. त्यातही प्रश्नपत्रिकेत हुकूम सोडणारे शब्द सगळ्यात आधी: 'कम्पेअर', 'डिस्क्राइब', 'जस्टिफाय', 'एस्टिमेट'. 'जस्टिफाय' न कळल्यामुळे ज्याचं उत्तर येतंय त्या प्रश्नाचे मार्क गेलेली मुलं मी ढिगाने पाहिली आहेत. त्यांना विज्ञान येत होतं, प्रश्नाचा हुकूम कळला नव्हता.

एक दगाफटका मात्र सातवीच्या आसपास हमखास होतो, तो ओळखीच्या शब्दांचा. 'प्रॉडक्ट' म्हणजे उत्पादन हे तिला माहीत असतं, आणि गणितात 'फाइंड द प्रॉडक्ट' आलं की ती बुचकळ्यात पडते, तिथे गुणाकार हवा असतो. 'व्हॉल्यूम' म्हणजे टीव्हीचा आवाज, विज्ञानात घनफळ, ग्रंथालयात खंड. 'मीन' म्हणजे अर्थ असणं, कोत्या मनाचा, आणि गणितात सरासरी. नवा शब्द निदान अनोळखी दिसतो, म्हणून मूल थांबून विचारतं. हे ओळखीचे चेहरे न विचारताच चुकीच्या घरात घेऊन जातात. हे शब्द शाळेच्या यादीत येत नाहीत, तेव्हा त्यांची पाळत घरीच ठेवावी लागते. गणिताचं पुस्तक उघडून तिला असे पाच शोधायला सांगा, तिलाच मजा वाटेल.

यादी करताना आणखी एक गोष्ट सांभाळा. समानार्थी, विरुद्धार्थी, एकाच कुळातले शब्द एकाच दिवशी नकोत. कागदावर ते नीटनेटकं दिसतं, डोक्यात मात्र गुंता होतो. टिंकम आणि वॉरिंग या संशोधकांनी १९९० च्या दशकात हे तपासलं होतं: एका गटातले शब्द एकदम शिकायला, संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त कष्ट पडले. याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे 'बॉरो' आणि 'लेंड'. मराठीत दोन्हीकडे 'उसना', एकाला घेणे लागतं, दुसऱ्याला देणे. दोन्ही एका दिवशी शिकवले की जन्मभर कुठला कुठला हे आठवावं लागतं. आधी 'बॉरो' पक्का होऊ द्या, 'लेंड' दोन-तीन आठवड्यांनी.

याउलट एक गोष्ट गटाने शिकलेली चालते, ती म्हणजे उपसर्ग. आणि इथे मराठी व्याकरण शिकलेल्या तुम्ही लेकीच्या पुढे आहात. १९८९ मध्ये झालेल्या एका मोजणीत दिसलं की शालेय इंग्रजीतल्या उपसर्ग लागलेल्या शब्दांपैकी ५८ टक्के शब्द फक्त चार उपसर्गांचे असतात: 'अन', 'री', 'इन' आणि 'डिस'. चार! यातला 'इन' जरा बहुरूपी आहे. 'पॉसिबल'च्या आधी तो 'इम' होतो, 'लीगल'च्या आधी 'इल', 'रेग्युलर'च्या आधी 'इर'. मुलं कुरकुरतात, इंग्रजीत काही नियमच नाहीत म्हणून. त्यांना विचारा, 'उत्' अधिक 'लेख' म्हणजे काय? उल्लेख. 'सत्' अधिक 'जन'? सज्जन. पुढच्या अक्षराला बघून आधीचं अक्षर वळण घेतं, तेच हे. आपला 'अ' किंवा 'अन्' आणि त्यांचा 'अन' व 'इन' हे मुळात एकाच घराण्यातले आहेत, 'अनादर' मधला आणि 'अनहॅपी' मधला. फक्त तिला एवढं बजावा की सुरुवातीला 'इन' दिसला की नकारच, असं नाही. 'इन्व्हाइट' मध्ये नकार नाही. आणि 'इन्फ्लेमेबल' तर पक्का ठग, त्याचा अर्थ चक्क पेट घेणारं.

स्पेलिंगबद्दल थोडक्यात. आपल्या लिपीत बहुतेक वेळा ऐकलं तसं लिहिता येतं, त्यामुळे मुलांना स्पेलिंग ही शिक्षा वाटते. तालावर म्हणून ते कानात बसतं, हातात नाही. शब्द बघायचा, झाकायचा, लिहायचा, पडताळायचा, या क्रमाने करा. आणि मुकी अक्षरं आली की त्यांची गोष्ट सांगा, गोष्ट विसरली जात नाही. 'आयलंड' मधला 'एस' मुळात नव्हताच. काही शतकांपूर्वी विद्वानांना वाटलं, हा शब्द लॅटिनमधल्या बेटाच्या शब्दावरून, 'इन्सुला'वरून आला असणार, म्हणून त्यांनी तो घुसडला. वाटणं चुकीचं होतं, पण 'एस' तसाच राहिला. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला 'बी' सुद्धा असाच लॅटिनचा मान राखायला मागाहून आणून बसवलेला. आपलं चुकलेलं स्पेलिंग विद्वानांच्या चुकीपेक्षा बरं होतं, हे कळल्यावर मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

उच्चारांचं म्हणाल, तर तिच्या हसण्याला घाबरू नका. मोबाइलवरच्या शब्दकोशात उच्चार ऐकायची सोय असते. दोघी मिळून ऐका, दोघी म्हणा. पहिल्यांदा तुम्ही चुका, मग ती चुकेल. पाहुण्यांसमोर मात्र 'इंग्रजीत बोलून दाखव' हे कधीही नको. तुमचं चुकणं ती हसून सोडून देईल, आपलं चारचौघांत झालेलं हसं नाही.

वाचनही हवंच, पण वाचनातून शब्द आपोआप येतात हे बोलणं मी जरा जपूनच घेते. १९९९ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात वाचताना भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी साधारण १५ टक्केच मुलांच्या पदरात पडलेले दिसले. शंभरात पंधरा. कमी वाटतात, पण जी मुलगी रोज वाचते तिचे पंधरा वर्षभर साचत जातात. अट एकच, पुस्तक सोपं हवं. पानावर चार-पाचहून जास्त शब्द अडले तर ते मिटून ठेवा आणि दुसरं घ्या, दोन इयत्ता खालचं चालेल. त्यात कमीपणा नाही. प्रत्येक शब्दाला शब्दकोशही नको. गोष्टीची वाट लागते.

आता पेन्सिलवालीला दोन शब्द.

तुझा प्रश्न रास्त आहे. नाही, मोठी माणसं एवढे शब्द वापरत नाहीत. मीही नाही. पण वापरायचे शब्द वेगळे आणि कळायचे वेगळे. 'अगतिक' हा मराठी शब्द तू गेल्या वर्षभरात बोलताना एकदा तरी वापरलास का? पण वाचलास की कळतो. कळणाऱ्यांची यादी नेहमीच वापरणाऱ्यांपेक्षा लांब असते, आणि पुस्तकातलं, परीक्षेतलं, सिनेमातलं सगळं त्या लांब यादीवर चालतं. तेव्हा वीसही शब्द तोंडात खेळायला हवेत, असं कुणी म्हटलं तर खुशाल हस. तुझे सात निवड, आईला विचारू नकोस, तुला जे ऐकायला आवडतात ते घे.

आणि आईच्या उच्चारांना हसतेस असं कळलं. मग तुला एक गंमत सांगते. इंग्रजीत मुंगसाला 'मंगूस' म्हणतात. तो शब्द इंग्रजांनी आपल्या 'मुंगूस' वरूनच उचलला. म्हणजे त्या एका शब्दापुरता तुझ्या आईचा उच्चार मूळचा आणि त्यांचा बिघडलेला. आता चिठ्ठी घे आणि त्याचं अनेकवचन लिही. शब्दकोश नंतर उघड, आधी अंदाज लिही. 'गूस'चं 'गीस' होतं, हे आठवून लिहिलंस तर चुकशील.